दहावी पास मुलीला सोलापुरात हॉस्पिटलमध्ये काय काम मिळतं? त्यासाठी काय शिकावं लागतं?

तुमच्या बहिणीची दहावी झालीय, नर्सिंगला आत्ता पैसे नाहीत आणि घरात विड्या वळण्यापेक्षा हॉस्पिटलचं काम बरं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरात १६ वर्षं वॉर्डात मावशी म्हणून काम करते.

खासगी हॉस्पिटलात मावशीच्या कामाला दहावी पुरते. काम नुसत्या झाडलोटीचं नाही. चादरी बदलणं, पेशंटचं अंग पुसणं, बेडपॅन, लघवीची पिशवी किती भरली ते सिस्टरला सांगून रिकामी करणं, एक्स-रेला नेणं, रक्ताचे नमुने लॅबला पोचवणं. आणि ज्याला स्वतःला हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलणं. यात हयगय झाली की माकडहाडापाशी जखम होते, मूळ आजार बरा झाला तरी ती लवकर भरत नाही. माझ्या मते आमचं सगळ्यात मोठं काम हेच.

सोलापूरच्या पूर्व भागातले पेशंट तेलुगू बोलतात, इंडी-विजापूरकडचे कन्नड. तेलुगूत 'नोप्पी' म्हणजे दुखणं, कन्नडमध्ये 'नोवु' म्हणजेही दुखणं. एवढं कळलं तरी म्हातारं माणूस हात धरून ठेवतं.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. पहिल्या वर्षी एका छोट्या दवाखान्यात कुणीतरी सुई लाल पिशवीत टाकली होती. लाल पिशवी सलाईनच्या नळ्या, हातमोजे यांची; सुया पांढऱ्या डब्यात जातात. पिशवी बांधताना ती सुई माझ्या अंगठ्यात घुसली. मी लस घेतलेली नव्हती. रक्ततपासणीचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत रात्र रात्र डोळा लागत नव्हता. म्हणून बहिणीला पहिल्या दिवशीच हिपॅटायटिस बी लशीचं विचारायला सांगा. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्यांना ही लस देणं हॉस्पिटलची जबाबदारी आहे. सुई टोचलीच तर बोट पिळायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि तडक डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हव्यात.

छोट्या क्लिनिकमध्ये केसपेपर काढणं, नंबर लावणं, ड्रेसिंगचं सामान मांडणं असतं. तिथं हळूच इंजेक्शनही द्यायला सांगतात. तिने स्पष्ट नाही म्हणावं.

कोर्सबद्दल. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसाचा, कोर्स दहावीवर होतो, उपयोगी आहे. पण 'सहा महिन्यांत नर्स' म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरू नका, त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. नर्सिंगचे खरे कोर्स बारावीनंतर असतात: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. काम करता करता सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, तिला बारावी करू द्या. आणि सिव्हिलला 'लावून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, तिथल्या कायम जागा जाहिरात काढून भरतात. खासगीत रुजू होताना पगाराची पावती, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) मिळणार का, हे तुम्ही स्वतः सोबत जाऊन विचारा.