कानोसा : हात मोकळे, कान गुंतलेला

प्रश्न : ताई, गाडी चालवताना मी एका कानात ब्ल्यूटूथ हेडसेट घालतो. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर रस्त्यावर, दुसरा कान उघडा. तरी बायको शेजारी बसली की पहिल्यांदा तो काढायला लावते. स्वतः मात्र पोचेपर्यंत माझ्याशी अखंड बोलते. ते चालतं, मग फोन का नाही? — न्याय मागणारा एक नवरा

उत्तर : निकाल तुमच्या विरुद्ध जाणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित करणं हा माझा धंदा. दिवसातले सात-आठ तास माझेच कान झाकलेले असतात, त्यामुळे हेडसेटशी माझं वैर नाही. पण एकदा चालत्या गाडीत घेतलेली एक मुलाखत माझ्याकडे संकलनाला आली होती. गाडी चालवणारी बाई उत्तरं देत होती, विचारणारा शेजारी बसला होता. ऐकताना मध्येच शांतता यायची. कधी तीन सेकंद, कधी पाच. मग इंडिकेटरची टिकटिक, गिअर पडल्याचा आवाज, आणि वाक्य जिथे तुटलं तिथून पुन्हा सुरू. सवयीने मी त्या मोकळ्या जागा कापायला घेतल्या आणि चार-पाच कापल्यावर थांबले. गप्प बसायला त्या विचारणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. समोर काहीतरी आलं की त्याचाच प्रश्न अर्ध्यावर राहत होता.

फोनवरच्या माणसाला तुमच्या समोरचा ट्रक दिसत नाही. तुम्ही गप्प झालात की तो विचारतो, ‘हॅलो? ऐकतोयस ना?’ आणि तुम्ही ऐन वळणावर ‘हो हो, बोल’ म्हणता. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये नेमकी हीच तुलना प्रसिद्ध केली. सिम्युलेटरवर गाडी चालवायची, गप्पा मारायच्या आणि ठरलेल्या ठिकाणी महामार्ग सोडून बाहेर पडायचं. ते ठिकाण चुकणाऱ्यांत फोनवर बोलणारे कितीतरी जास्त निघाले. शेजारी सोबती असलेल्यांना त्या सोबत्याचीही मदत झाली होती, कारण रस्त्याकडे दोन जोड्या डोळे होते. तुमच्या सौभाग्यवती ‘अहो, समोर बघा’ म्हणतात ना, तेच.

आता हात मोकळे असण्याबद्दल. 1997 साली टोरोंटोतल्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या 699 मोबाइलधारक चालकांची फोनची बिलं तपासली. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका साधारण चौपट दिसला, आणि हॅण्ड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यातून काही सूट मिळालेली आढळली नाही. मोबाइल तेव्हा आजच्याइतके घरोघरी नव्हते, यंत्रं वेगळी होती, हे खरं. पण माणसाचं डोकं तेच आहे. गाडीच्या स्वतःच्या स्पीकरवर बोललात तर दोन्ही कान सुटतात, डोकं मात्र फोनवरच राहतं.

‘दुसरा कान उघडा असतो’ हे तुमचं म्हणणं मला सगळ्यात खटकलं, कारण तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. आवाज ऐकायला एक कान पुरतो. तो कुठून आला हे कळायला मात्र दोन्ही लागतात. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला जरा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा फरकावरून, आणि दोन कानांना आवाज कमीजास्त लागतो त्यावरून, आपण मान वळवतो. घरी करून पाहा. डोळे मिटा, एका कानात बोट घाला आणि बायकोला खोलीत कुठेही उभी राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा. वाजला की बोट दाखवायचं. दोनतीनदा तरी भिंतीकडे दाखवाल.

मी हे भिंतीकडे नाही, रस्त्यावर शिकले. उजव्या कानात इअरबड, पलीकडे संपादक, विषय पैसे थकल्याचा, म्हणजे तंद्री लागायला पुरेसा. सायरन ऐकू आला. नक्की आला, शंकाच नाही. मी डावा आरसा बघितला, मग समोर, मग पुन्हा डावा. रुग्णवाहिका उजवीकडे मागे येऊन उभी होती आणि तिचा चालक हाताने मला ‘सरका’ म्हणून खुणावत होता. किती वेळ खुणावत होता, कोण जाणे. आणि हो, संपादकांनी त्या फोनमध्ये नेमकं काय कबूल केलं तेही मला आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, ज्यांना ऐकूच येत नाही तेही गाडी चालवतात. चालवतात, आणि चांगली चालवतात. पण त्यांचे डोळे वर्षानुवर्षं आरशांवर तयार झालेले असतात आणि मन दुसऱ्या गावाला गेलेलं नसतं. तुम्ही कान उसना दिलाय, त्याची भरपाई डोळ्यांना शिकवलेली नाही.

कायदा देशागणिक वेगळा आहे. फ्रान्सने 1 जुलै 2015 पासून श्रवणयंत्र सोडून आवाज ऐकवणारं काहीही चालकाच्या कानात घालायला बंदी केली, सायकलवाल्यांनाही. तुमच्याकडे काय नियम आहे ते बघून घ्या. दंड नाही म्हणून धोका नाही असं मात्र समजू नका. आणि बड निसटून सीटखाली गेला तर जाऊ द्या. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. दोन सेकंद वाकलात की 33 मीटर गाडी आपली आपण चाललेली असते.

निघण्याआधी फोन करून घ्या. वाटेत आला तर बायकोला उचलू द्या, तेवढीच तिची बडबड तुमच्याऐवजी दुसऱ्याशी.

प्रश्न : माझ्या इअरबडमध्ये बाहेरचे आवाज आत सोडायची सोय आहे. सायकलवर तेवढी पुरे ना?

उत्तर : काही नसण्यापेक्षा बरी. बडच्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज तुम्हाला आत ऐकवला जातो, पण सायकलवर त्या मायक्रोफोनवर वाराच जास्त आदळतो. कानाबाहेर गालफडावर टेकणारे, हाडांतून ऐकवणारे हेडफोन कान उघडे ठेवतात, म्हणून ते मला त्यातल्या त्यात पसंत. गाणं हळू ठेवून चालेल. फोनवर वाद घालायचा असेल तर सायकलवरून उतरा.

प्रश्न : परवा रांगेत मागचा माणूस एकदम म्हणाला, ‘आता काय करायचं सांगा!’ मी दचकून वळले आणि ‘कशाचं?’ म्हणाले. त्याच्या कानात बड होता. सगळे हसले. ही माणसं इतकी मोठ्याने का बोलतात, आणि आपल्याला त्याचा इतका त्रास का होतो?

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. फोन हातात असायचा तेव्हा कानाला लागलेला हात लांबूनच सांगायचा की हा दुसऱ्याशी बोलतोय. आता ती खूणच राहिली नाही. केसांआड बड असला की हवेत बोलणारा आणि तुमच्याशी बोलणारा सारखेच दिसतात.

मोठ्याने बोलण्याचं कारण त्यांच्या कानात आहे. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे 1911 मध्ये मांडलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. शिवाय कान बुजलेला असला की स्वतःचा आवाज नेहमीसारखा ऐकू येत नाही, आत घुमतो, आणि बाहेर किती जातोय याचा अंदाज सुटतो. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये स्वतःचं बोलणं थोडंसं परत कानात सोडलेलं असायचं, ते बेताने बोलावं म्हणून. काही हेडसेटमध्ये ही सोय ‘साइडटोन’ नावाने मिळते. असेल तर सुरू करा, नसेल तर बोलताना एक बड काढून खिशात टाका. आवाज लगेच खाली येतो, मी आमच्या स्टुडिओत नवख्या निवेदकांना हेच करायला लावते.

त्रासाचं कारण आपल्या डोक्यात. 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात लोकांना लक्ष द्यावं लागेल असं काम दिलं आणि सोबत बोलणी ऐकवली. दोघांचं संभाषण चाललेलं असताना काम बिघडलं नाही. एकाच बाजूचं ऐकवलं तेव्हा बिघडलं. ‘मग ती काय म्हणाली?’ कानावर पडलं की उत्तर आपणच शोधत बसतो. दोन बायका भांडत असल्या तर तुम्ही रांगेत डुलकी काढाल. अर्धं भांडण झोपू देत नाही.

पुढच्या वेळी त्या माणसाला खरंच सांगा काय करायचं ते. मी एकदा सांगितलं होतं. तो ‘थँक यू’ म्हणाला, पण मला की फोनला, ते अजून कळलेलं नाही.