छातीतला कफ कायमचा बंद करायला कोणतं औषध घ्यावं?

असं औषध नाही, आणि असतं तरी घेऊ नका. रोज सकाळी खाकरल्यावर थोडा पांढरा कफ पडतो, बाकी त्रास नाही, पण घरचे सिरपची बाटली घेऊन मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. ते ‘घरचे मागे लागलेत’ वाचलं आणि राहवलं नाही.

धडधाकट माणसाच्या श्वासनलिकांतही कफ बनतोच. त्यात साधारण ९७ टक्के पाणी, बाकी म्युसिन नावाची प्रथिनं आणि क्षार. दिवसाला १०,००० लिटरच्या आसपास हवा आपण आत ओढतो. तिच्यातली धूळ, धूर, जंतू या पातळ थराला चिकटतात आणि खालचे सिलिया, म्हणजे नळीच्या आतले केसांसारखे बारीक तंतू, सेकंदाला १०-१५ वेळा हलून तो थर घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक म्युसिन मुळातच नसलेले उंदीर होते. त्यांच्या फुफ्फुसांत जंतू साचले, उंदीर लवकर मेले. कफ नको म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

माझ्या आईला तरुणपणी टीबी झाला होता. तो बरा झाला, पण उजव्या फुफ्फुसातल्या नळ्या रुंदावून बसल्या. याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. तिथले सिलिया निकामी, म्हणून कफ वर सरकत नाही. साचला की जंतू वाढतात, त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच मरतात, आणि त्यांच्यातून सुटलेला डीएनए कफ आणखी चिकट करतो. हिरवा रंग येतो तोही त्या पेशींमधल्या एन्झाइममुळे. म्हणजे दोष कफ असण्याचा नाही, अडकण्याचा आहे.

हे आमच्या मामांना कधीच पटलं नाही. निफाडच्या थंडीत आई रात्रभर खोकायची. मामा खोकला दाबणारं कोडीनचं सिरप आणून द्यायचे. “ताई, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.” ती घ्यायची, गाढ झोपायची, आणि साचलेल्या कफाने चार दिवसांत तापाने फणफणायची. वर पथ्य म्हणून दूध बंद, केळी बंद, द्राक्षंसुद्धा बंद! स्वतःच्या बागेतला माल मुंबईला रवाना होताना ती नुसती बघायची. दुधाने फुफ्फुसात जास्त कफ बनतो याला प्रयोगांत आधार सापडलेला नाही, आणि द्राक्षांचं तर मला आजही कुणी कारण सांगू शकलेलं नाही. आजारी बाईला ही शिक्षा कशासाठी?

नाशिकला माझ्याकडे आल्यावर फिजिओथेरपिस्टने तिला शिकवलं: डाव्या कुशीवर झोपायचं, खोल श्वास घ्यायचा, मग तोंड उघडं ठेवून ‘हाः’ करत जोरात सोडायचा. सकाळी चहाच्या आधी ती हे करते, कफ पाडते, दिवसभर मोकळी असते. आणि जानेवारी लागला की द्राक्षं खाते, मामांसमोर.

तुमच्यासाठी: पाणी भरपूर प्या, धूर टाळा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, कफात रक्त दिसलं, वजन उतरलं, दम लागला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती आधी करा. मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझेशन, म्हणजे यंत्राने त्याचे बारीक तुषार करून श्वासात ओढणं, मनाने करू नका. दमा असेल तर नळ्या आणखी आवळतात. कोरड्या खोकल्याचं गणित वेगळं, ते डॉक्टर बघतील. ओला खोकला दाबणारी बाटली मात्र मामांच्या वयाचा मान राखूनही मी माझ्या घरात येऊ देत नाही.