हरभऱ्याचा शेंडा खुडला की फाटे का फुटतात?

प्रश्न : मॅडम, आमचा हरभरा कोरडवाहू असतो. पीक वीतभर झालं की सासूबाई आम्हा बायकांना शेंडे खुडायला लावतात. भाजी होते आणि फाटेही वाढतात. मी बारावी सायन्स केलं आहे. ‘ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक शेंड्यात तयार होतं आणि बाजूच्या डोळ्यांना रोखतं’ एवढंच पुस्तकात होतं. शेंड्यातलं ऑक्झिन खाली जातं तरी कसं? दुकानदार म्हणतो, खुडत कशाला बसता, संजीवक फवारा. दोन्हीचं काम एकच आहे का?
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : ताई, मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा हे वाक्य मुलं पाठ करायची आणि पुढे सरकायची. ‘जातं कसं’ हे फार थोड्यांनी विचारलं. सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून आधी तेच घेते.

ऑक्झिन पाण्यासारखं उतारानं वाहत नाही. खोडाचा तुकडा कापून उलटा धरला, तरी ते मूळच्या बुडख्याकडेच जातं, म्हणजे आता वरच्या दिशेनं. ही दिशा प्रत्येक पेशी स्वतः ठरवते. दोन पेशींमधली भित्तिका आंबट असते, तिचा सामू (पीएच) साधारण साडेपाच. पेशीच्या आत तो सातच्या आसपास. आंबट जागेत ऑक्झिनच्या काही रेणूंवरचा विद्युतभार जातो आणि ते पेशीच्या पटलातून आत शिरतात. आत आले की पुन्हा भारित होतात आणि अडकतात. आता बाहेर पडायला खास प्रथिनांची दारं लागतात, आणि खोडाच्या पेशीत ही दारं मुख्यतः खालच्या बाजूला बसवलेली असतात. खालून बाहेर, पुढच्या पेशीत आत, पुन्हा खालून बाहेर. असा प्रवास तासाला साधारण एक सेंटिमीटर होतो.

ही कल्पना केंब्रिजच्या रुबेरी आणि शेल्ड्रेक यांनी १९७४ मध्ये मांडली. तुम्हाला आवर्जून सांगते, हेच रुपर्ट शेल्ड्रेक त्यानंतर हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत आले आणि आपल्या तूर-हरभऱ्यावर काम करत राहिले. दारं प्रत्यक्ष सापडायला मात्र वेळ लागला. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाचा एक वाण असा होता, की त्याच्या दांड्याला फुलंच धरत नसत. नुसती टाचणी उभी. त्यात बिघडलेलं जनुक १९९८ मध्ये हाती लागलं आणि ते याच दाराचं निघालं. त्या टाचणीवरून प्रथिनाचं नाव ‘पिन’ पडलं. दार नाही तर ऑक्झिन योग्य जागी साठत नाही, आणि ते साठल्याशिवाय फूल कुठे यायचं हे रोपाला ठरवता येत नाही.

दारं जागाही बदलतात. कोवळं मूळ आडवं ठेवा. टोकाच्या टोपीतले पिठुळ कण खाली बसतात, तिथल्या पेशींतली दारं खालच्या बाजूला सरकतात आणि ऑक्झिन तिकडे जमतं. मुळाला एवढं ऑक्झिन जास्त होतं, खालच्या बाजूची वाढ मंदावते आणि मूळ जमिनीकडे वळतं. आडव्या पडलेल्या खोडातही ते खालच्या बाजूलाच जमतं, पण खोडाची ती बाजू उलट जास्त वाढते आणि शेंडा वर उठतो. द्रव्य तेच, पण कुठे आणि किती यावर सगळं ठरतं.

आता तुमचे शेंडे. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात थिमन आणि स्कूग यांनी शेंगवर्गीय रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्झिन भरलेल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, वड्या ठेवल्या. शेंडा नसूनही खालचे डोळे फुटले नाहीत. पुस्तकातलं वाक्य तिथून आलं. पण शेंड्यातलं ऑक्झिन डोळ्यात शिरून त्याला दाबतं, असं मात्र नाही. ते खोडातूनच खाली जातं. सध्याचं एक स्पष्टीकरण असं, की फुटायचं तर डोळ्याला स्वतःचं ऑक्झिन खोडात सोडावं लागतं, आणि वरून प्रवाह भरलेला असताना त्याला वाट मिळत नाही. शिवाय २०१४ मध्ये वाटाण्यावर दिसलं, की शेंडा कापल्यावर दूरचे डोळे काही तासांतच हलू लागतात. सेंटिमीटरच्या चालीनं ऑक्झिन ओसरायच्या कितीतरी आधी! पानांत बनणारी साखर, जी शेंडा ओढून घेत होता, ती आता डोळ्यांकडे वळते. पहिला धक्का तिचा. मला हा शोध फार आवडतो, कारण त्यानं जुना प्रयोग खोटा ठरत नाही, पुरा होतो.

खुडताना बोटांना आंब लागते ना? तिचा ऑक्झिनशी संबंध नाही. पानांवरच्या केसांतून पाझरणारी ती आम्लं, मुख्यतः मॅलिक.

दुकानदाराचं म्हणणं मला पटत नाही. ‘संजीवक’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळी द्रव्यं विकली जातात. बाटलीत एनएए असेल तर ते कृत्रिम ऑक्झिनच. ते फूल-पात्यांची गळ कमी करायला वापरतात. शेंडा काढल्याचा परिणाम त्यातून मिळणार नाही. क्लोरमेक्वाट किंवा मेपिक्वाट असेल तर ते जिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक बनू देत नाही आणि पिकाची उंची रोखते. म्हणजे तो रस्ताच निराळा. आणि २,४-डी हेही ऑक्झिनसारखंच द्रव्य, पण तणनाशक आहे. रुंद पानांची रोपं त्यानं वेडीवाकडी वाढून मरतात, आणि हरभरा त्यांतलाच. त्या फवाऱ्याचा पंप नीट न धुता हरभऱ्यावर वापरू नका. घटक वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका.

सासूबाईंचं खुडणं चालू ठेवा, पण फुलं लागायच्या आधीच. आणि जमिनीत ओल असेल तरच, कारण फुटलेल्या प्रत्येक फाट्याला पाणी लागणार. यंदा ओल कमी असेल तर दोन ओळी खुडा, दोन तशाच ठेवा आणि घाटे मोजून मला कळवा.