एम२० चे आटे हाताने पाडताना

एम६ चा टॅप (भोकात आटे कापणारं हत्यार) चालवलेला हात एम२० वर, म्हणजे २० मिमी व्यासाच्या आट्यावर, फसतो. इथे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २.५ मिमी, म्हणजे प्रत्येक आट्यात कितीतरी जास्त माल निघतो. तक्त्यात भोक १७.५ मिमी दिलेलं असतं, त्यात आट्याच्या पूर्ण उंचीच्या सुमारे ७७ टक्के आटा मिळतो. माइल्ड स्टीलमध्ये घरच्या कामाला १८ मिमी घ्या. आटा ६२ टक्क्यांच्या आसपास राहतो, खोली २० मिमी असेल तर पुरेसा धरतो आणि जोर बराच कमी लागतो. तोंडाला २१ मिमीपर्यंत काउंटरसिंक करा, म्हणजे कड तिरकी कापा.

तीन टॅपच्या सेटमध्ये दांड्यावर एक रिंग कोरलेला पहिला, दोन रिंगा दुसरा, बिनरिंगचा शेवटचा. पहिले दोन मुद्दाम व्यासाने बारीक असतात, त्यामुळे पहिल्यावरच थांबलात तर बोल्ट जाणार नाही.

खरी चूक सुरुवातीला होते. टॅप तिरका बसला की पुढे हँडल दाबून तो सरळ होत नाही, मोडतो. भोक पाडल्यावर जॉब हलवू नका. ड्रिल मशीनच्या चकातलं ड्रिल काढून टोकदार सेंटर लावा, ते टॅपच्या मागच्या खळीत हलकं टेकवा आणि टॅप हातानेच फिरवा. मशीन बंदच! दोन फेऱ्यांनी गुण्या (काटकोन) दोन बाजूंनी लावून बघा.

हँडल निदान दोन फुटी हवं, जोर दोन्ही हातांनी सारखा. अर्धा फेरा पुढे, कीस तुटल्याचा ‘कट्’ जाणवेपर्यंत मागे. कटिंग ऑइल सढळ घाला. ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडाला कोरडंच. हँडल स्प्रिंगसारखं परत यायला लागलं तर टॅप बाहेर काढून खाचा ब्रशने साफ करा.