‘महिना झाला, मी केलं काय?’

उन्हाळी इंटर्नशिपला गेलेली मुलं जून उजाडला की माझ्याकडे यायला लागतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: ‘बाकीच्यांना सगळं येतं, मलाच काही येत नाही. माझी निवड चुकून झाली असेल का?’

गेल्या वर्षी बडोद्यातल्या माझ्या खोलीत आलेली गौरी (नाव बदललंय) बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. स्नायू आणि हालचालींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत दोन महिन्यांसाठी लागली होती. आईच घेऊन आली. “आठवडा झाला, रात्री धड जेवत नाही हो. सोडून देते म्हणते.” आईंना मी बाहेर बसायला सांगितलं.

“काकू, चार आठवडे मी लोकांच्या मांड्या स्पिरिटने पुसतेय. एक आलेख धड नाही, नुसता खरखराट.” त्यात एका सीनियरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘एवढंही वाचून आली नाहीस?’ ते वाक्य सांगताना तिचा आवाज गेला.

‘अगं, तू हुशार आहेस’ असं अशा मुलांना सांगणं मी सोडून दिलंय. घरचे तेच सांगून थकलेले असतात आणि मुलांना ते पटत नाही. मी म्हटलं, “उद्या लॅबची वही घेऊन ये.”

वही आली. मी पान उलटायचे आणि विचारायचे, हे असं का?

स्पिरिट कशाला? त्वचेवरचा तेलकटपणा आणि मेलेली कातडी गेली नाही, तर स्नायूची वीज इलेक्ट्रोडपर्यंत, म्हणजे ती टिपायला त्वचेवर चिकटवतात त्या चकत्यांपर्यंत, नीट पोचत नाही. त्वचेवर मिळते ती जेमतेम काही मिलिव्होल्ट, कित्येकदा त्याहूनही कमी. दोन इलेक्ट्रोडमध्ये वीस मिलिमीटरच का? जास्त लांब लावले तर शेजारच्या स्नायूचाही आवाज मिसळतो. आधी प्रत्येकाला पूर्ण जोर का लावायला सांगता? कातडीखालची चरबी ज्याची त्याची वेगळी, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी थेट लावता येत नाही. ज्याच्या त्याच्या कमाल जोराशीच तो ताडून बघायचा.

एका पानावर पेनाने तीनदा गिरवलं होतं: ‘५० हर्ट्झ!!’ तो तिचा खरखराट. घरातल्या विजेची वारंवारता. “मग गाळून टाकायचा,” मी म्हटलं. ती एकदम ताठ बसली. “नाही काकू! स्नायूच्या सिग्नलचा मोठा भाग ५० ते १५० हर्ट्झमध्येच असतो. तिथेच गाळणी लावली तर सुक्याबरोबर ओलंही जळतं.” मग काय केलंस? दोन दिवस एकेक प्लग काढून बघितला होता तिने. टेबलाखाली लॅपटॉपचा चार्जर होता, इलेक्ट्रोडच्या वायरींना अगदी चिकटून. तो हलवल्यावर रेघ पुष्कळशी शांत झाली. पानावर तारीख होती आणि खाली एवढंच: ‘आजही डेटा नाही.’

त्या ओळीवर बोट ठेवून मी गप्प बसले.

तीच मग बोलायला लागली. आकुंचन पावताना स्नायूच्या पेशींतले सूक्ष्म तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडलं. त्यातल्या अँड्र्यू हक्सलीने या कामासाठी आधी सूक्ष्मदर्शकच स्वतः घडवला होता. सांगता सांगता थांबली आणि चार्जरच्या पानाकडे बघत राहिली. मी मध्ये बोलले नाही.

पुढचं काम साधं होतं. गाईडकडे पंधरा मिनिटं मागायची. काय केलं, कुठे अडलं, उरलेल्या चार आठवड्यांत काय जमेल, एवढंच एका कागदावर. सीनियरने पुन्हा चारचौघांत तसं बोललं तर तेही गाईडना सांगायचं. ते शिकवणं नव्हे, आणि मुलींनी ते गिळायचं कारण नाही. आईंना सांगितलं, जेवण-झोप आठवडाभरात रुळावर आली नाही तर डॉक्टरांना दाखवा, परीक्षा झाल्यावर बघू म्हणू नका.

जुलैत ती परत आली. आलेख चौदा जणांचे मिळाले होते, ठरलेले वीस नाहीत. तक्रार मात्र आजोबांची होती. तरुणपणी त्यांनी आखाड्यात जोर-बैठका काढलेल्या. “माझ्या मांडीला लाव की ते,” म्हणून रोज मागे लागायचे.

“मी सांगितलं, आजोबा, परवानगी अठरा ते पंचवीस वयाचीच आहे. आणि आधी संमतीपत्रावर सही लागते. तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.”