इमारत दिसली म्हणून लगेच क्रॉप करू नकोस

पु. ल. देशपांडे उद्यानात फोटो काढायला निघालायस ना? मग नुसत्या फुलांच्या मागे लागू नकोस, सगळे तेच करतात. पुण्यातली ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेवरून बेतलीय. तिथे बागेबाहेरचा किल्लासुद्धा देखाव्यात धरलाय! म्हणून सिंहगड रस्त्याकडची एखादी इमारत फ्रेममध्ये आली तर येऊ दे. हिरवळीच्या गोल उंचवट्यामागे काँक्रीटची सरळ कड आली की दोन्ही उठून दिसतात. पुलासाठी मात्र खाली बस, प्रतिबिंब अख्खं घे. पावसाळ्यात दगडांवरचं शेवाळ जवळून टिप. माणसानं मांडलेलं कुठं संपतं आणि आपोआप उगवलेलं कुठं सुरू होतं, कळतच नाही. भर दुपार टाळ. मोठा कॅमेरा नेणार असशील तर गेटवर आधी विचार.