श्वूल, श्व्यूल आणि बटाट्याच्या नाकांचे बाप्ये

प्रश्न असा आला होता: "जर्मनची बी-वन, म्हणजे तिसरी पातळी, चालू आहे. मावसभाऊ कलोनला असतो, त्याने येताना राल्फ क्योनिगची दोन कॉमिक्स आणली. या माणसाच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांचं नाव 'श्वूलकॉमिक्स' होतं म्हणे. मी त्याचं मराठी 'समलैंगिक चित्रकथा' केलं तर भाऊ इतका हसला की हातातला चहा सांडला. काय चुकलं? आणि त्याच्या ऑफिसातल्या बायकापोरं असलेल्या साध्यासुध्या जर्मनांच्या घरी पण ही पुस्तकं असतात, हे कसं काय?"

चुकलं काहीच नाही हो, डिक्शनरी उघडली तर हेच सापडेल. पण 'समलैंगिक' हा शब्द कोर्टाच्या निकालात नाहीतर डॉक्टरच्या कागदावर शोभतो, आणि 'श्वूल' हा भांडी घासता घासता बोलायचा शब्द आहे. 'श्वूलकॉमिक्स' ऐकून जर्मन माणसाच्या कानात जे वाजतं ते 'समलैंगिक चित्रकथा'मध्ये अजिबात वाजत नाही, उलट एखाद्या सरकारी पुस्तिकेचं नाव वाटतं, मुखपृष्ठावर हात जोडलेले मंत्री वगैरे.

आधी उच्चाराचं सांगतो कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. श्वूल म्हणजे गे, आणि 'यू'वर दोन टिंबं दिली की होतं श्व्यूल, म्हणजे दमट, कोंदट, पाऊस यायच्या आधी अंगाला कपडे चिकटतात तसली हवा. मी पुण्यात जर्मन शिकायला लागलो तेव्हा मे महिन्यावर निबंध होता, त्यात मी टिंबं न देता लिहिलं की आमच्याकडे मे महिन्यात हवा फार श्वूल असते. बाईंनी लाल पेनाने फक्त दोन टिंबं दिली आणि बाजूला एक हसरा चेहरा काढला, बाकी काही बोलल्या नाहीत. मला त्याचा अर्थ दोन वर्षांनी कळला.

गंमत अशी की दोन्ही शब्द मुळात एकच. 'श्वूल' हे उत्तरेकडच्या लो जर्मनमधलं रूप, अर्थ उकाड्याचा. पुढे अठराव्या शतकात 'क्यूल' म्हणजे गार, या शब्दाच्या संगतीने हवेच्या अर्थाला टिंबं लागली आणि बिनटिंबाचं रूप मोकळं राहिलं. तिकडे बर्लिनच्या बोलीत गे माणसाला 'वार्म' म्हणजे गरम, ऊबदार म्हणायची पद्धत होतीच, 'वार्मर ब्रूडर' म्हणजे शब्दशः ऊबदार भाऊ, आणि ऊबदारवरून उकाड्यावर यायला वेळ लागला नाही. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या गल्लीबोळात हा शब्द चालू झालेला दिसतो. म्हणजे जन्म शिवीतला, हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी मजा त्यावर आहे.

शास्त्रीय शब्दांची तर जर्मनांकडे फॅक्टरीच होती. कार्ल हाइनरिष उल्रिष्स नावाच्या वकिलाने 1864 मध्ये 'उर्निंग' असा शब्द काढला, मग 1869 मध्ये कार्ल मारिया केर्टबेनीच्या पत्रकात 'होमोसेक्सुअल' छापून आला. आज जगभर चालणारा हा शब्द मूळचा जर्मन लिखाणातला. पण रस्त्यावर शब्द एकच, श्वूल, आणि तोही तुच्छतेने. 1970 च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या गे चळवळीच्या पोरांनी ठरवलं की तुम्ही आम्हाला श्वूल म्हणता ना, मग आम्ही स्वतःच म्हणतो, बघू काय करता. त्याच दशकात बर्लिनमध्ये एक प्रकाशन निघालं, नाव 'रोझा विंकेल', गुलाबी त्रिकोण, नाझींच्या छळछावण्यांत गे कैद्यांच्या कपड्यावर शिवायचे तो. क्योनिगचं पहिलं श्वूलकॉमिक्स 1981 साली याच प्रकाशनाने काढलं.

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1988 मध्ये ग्रीन पक्षाच्या लोकांनी जर्मन संसदेत प्रस्ताव आणला, त्याच्या मथळ्यात 'श्वूल' आणि 'लेस्बियन' हे शब्द होते, अध्यक्षांकडून नकार आला की असले शब्द सभागृहाला शोभत नाहीत. मग यांनी काय करावं, तर शंभर वर्षं धूळ खात पडलेला उल्रिष्सचा शब्द बाहेर काढला आणि मथळ्यात 'उर्निंग आणि उर्निंडा' असं लिहून दिलं. ते चाललं! कोणाला कळलंच नाही तर शोभेल न शोभेल कसं. आणि गंमत बघा, संसदेला जो शब्द छापवत नव्हता तो क्योनिगच्या पुस्तकांच्या पानोपानी फुग्यांमध्ये चालू होता, आणि 'डेर बेवेग्टं मान' हे त्याचं पुस्तक त्याच्या आदल्याच वर्षी, 1987 मध्ये, रोव्होल्टने काढलेलं होतं. रोव्होल्ट म्हणजे चळवळीचं छोटं प्रकाशन नव्हे, देशातलं मोठं नाव, स्वस्त पेपरबॅकसाठी घरोघरी माहीत असलेलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. खिशात मावेल असं काळंपांढरं पुस्तक, कोणत्याही साध्या दुकानात मिळणारं, ते घ्यायला कोणाला गल्ली बदलून जावं लागत नव्हतं.

क्योनिग स्वतः वेस्टफालियातला, 1960 चा जन्म, गाव झोएस्ट. आधी सुतारकाम शिकला, मग ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत गेला, नंतर कलोनमध्ये स्थायिक. हे सुतारकाम मला महत्त्वाचं वाटतं (उगाच असेल) कारण त्याचे संवाद खरोखर सुतारकाम केलेल्या पोराचे आहेत, अकादमीचा वास येत नाही. लोक वाक्य अर्धं सोडतात, एकमेकांचं तोडतात, "म्हंजे", "ना यार" छापाचं बोलतात. बी-वनला ते जड जाईल, मोठ्याने वाचा, डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं.

आता नाकं. तुम्ही पाहिलंच असेल की त्याच्या सगळ्या माणसांना हे एवढं मोठं गोल नाक असतं, जर्मनमध्ये त्याला 'क्नॉलननाझं' म्हणतात, क्नॉलं म्हणजे जमिनीखालचा कंद, बटाटा वगैरे. मराठीत नाकाला आपण भजं म्हणतो पण भजं चपटं, हे बटाटावड्याच्या जवळ जातं. आता जर्मन वाचकाला हे नाक नवीन नव्हतं. लोरिओ नावाचा त्यांचा लाडका विनोदकार होता, कोट-टाय घातलेली, अतिशय सभ्य, बटाटानाकाची माणसं काढायचा, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला तुकडा म्हणजे एकाच बाथटबमध्ये बसलेले दोन नागडे गृहस्थ रबरी बदकावरून एकमेकांना 'तुम्ही' म्हणत, आडनावाने हाक मारत भांडतात. 1970 च्या दशकातला टीव्ही, अख्खं कुटुंब सोफ्यावर बसून हसायचं. म्हणजे दोन बटाटानाके नागडे बाप्ये पाहून हसायची सवय जर्मनांना आधीच लागलेली होती, क्योनिगने फक्त त्यांना 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं आणि टबमधून पलंगावर. हे माझं मत, कुठे वाचलेलं नाही. क्योनिग स्वतः मात्र फ्रेंच चित्रकर्ती क्लेअर ब्रेतेशेरचं नाव घेतो, सोफ्यावर लोळत अखंड बडबड करणारी तिची कंटाळलेली माणसं पाहिलीत तर नातं लगेच कळतं.

नाकाचा अजून एक फायदा. देखणा माणूस नागडा काढला की चित्र वेगळ्या कपाटात जातं. बटाट्याच्या नाकाचा, पोट सुटलेला, पाठीवर केस असलेला माणूस नागडा काढला की तो आपल्या काकासारखा दिसतो आणि हसू आधी येतं.

आपल्याकडे चावट चित्रांची परंपरा आहेच, 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवा, बाहेरून बघितलं तर भलतंच काहीतरी चाललंय असं वाटतं, खिडकी उघडली की बाई पीठ मळत असते. क्योनिगकडे खिडकीच नाही. सगळं आधीच उघडं असतं आणि त्या उघड्या अवस्थेत ती दोघं बोलत असतात ते किराण्याचं. कोनराड आणि पाउल ही त्याची गाजलेली जोडी बघा ना, कोनराड पियानो शिकवणारा, मोत्सार्टवाला, नीटनेटका, आणि पाउल म्हणजे केसाळ पुरुष दिसला की पाघळणारा, घरात पसारा करणारा. वर्षानुवर्षं एकत्र, रोज तेच भांडण. लग्नाला वीस वर्षं झालेल्या कोणत्याही जर्मन बाईला यातला कोनराड म्हणजे आपणच हे कळायला गे असावं लागत नाही. पण म्हणून 'हे गे असण्याबद्दल नाहीच, हे तर सार्वत्रिक' असं जे गुळमुळीत कौतुक होतं ना ते मला पटत नाही, ते पूर्णपणे गे असण्याबद्दलच आहे, त्यात बार आहेत, लेदर आहे, एड्सची भीती आहे, 'सुपर पॅराडाइज' (1999) मध्ये ग्रीसच्या मिकोनोस बेटावरच्या उन्हात एचआयव्हीची गोष्ट आहे. त्याने काहीही गाळलं नाही, वाचकाला शेजारी खुर्ची दिली एवढंच.

आणि त्या खुर्चीचं नाव 'हेटं'. हा शब्द पुस्तकात दिसला असेल तुम्हाला, डिक्शनरीत सापडला नसेल कदाचित. हेटरोसेक्सुअलचं गे लोकांनी केलेलं लघुरूप, थोडं कीव केल्यासारखं, आणि व्याकरणात स्त्रीलिंगी! 'डी हेटं', मग तो मिशीवाला ट्रकड्रायव्हर का असेना. तसंच 'डी टुंटं', नटवा बायकी पुरुष, तोही स्त्रीलिंगी. आपल्याकडे मित्रांच्या टोळक्यात एखाद्या बाप्याला "काय गं" म्हणतात ना, ती गंमत जर्मनमध्ये थेट लिंगव्यवस्थेत बसलीय. माझ्या मते क्योनिगच्या बहुसंख्य वाचकांना खरी मजा इथे आली. आयुष्यभर आपण 'नॉर्मल', आपल्याला नावच नाही, आणि एक दिवस पुस्तकात कळतं की आपल्यालाही एक नाव आहे आणि पलीकडचे लोक आपल्याकडे बघून हसतायत, काय ते स्वयंपाकघर, काय तो स्वेटर. नवी नवरी सासरच्या लोकांच्या नकला करते तेव्हा सासरचेच जास्त हसतात, साधारण तसलं.

सगळे हसले असं मात्र नाही. 'बुलनक्ल्योटन' नावाच्या त्याच्या पुस्तकावर बंधनं आणा म्हणून बवेरियाच्या बालकल्याण खात्याने केंद्रीय मंडळाकडे अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. त्या नावाचं भाषांतर करताना एक सांभाळा, बैल लिहू नका. अर्थ आहे वळूचे अंड, आणि बैल लिहिलंत तर ज्या वस्तूवर पुस्तकाचं नाव आहे तीच नाहीशी होते.

'डेर बेवेग्टं मान'वर 1994 च्या ऑक्टोबरमध्ये सिनेमा आला, टिल श्वायगर, काट्या रीमान, योआखिम क्रोल, आणि थिएटरात 65 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. त्याच वर्षी जूनमध्ये कलम 175 कायमचं रद्द झालं होतं, पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं 1872 पासूनचं कलम, नाझींनी 1935 मध्ये आणखी कडक केलेलं, पश्चिम जर्मनीत 1969 पर्यंत तसंच चालू ठेवलेलं. सिनेमा मला कॉमिकपेक्षा मिळमिळीत वाटतो, कॅमेरा सारखा श्वायगरच्या देखण्या हेटंकडे बघत बसतो आणि नाकं पण नेहमीचीच. पण शब्दाच्या दृष्टीने उपयोग झाला, लाखो लोकांनी 'श्वूल' हा शब्द अंधारात मोठ्याने हसत ऐकला. 2001 मध्ये बर्लिनचे क्लाउस वोवेराइट पक्षाच्या सभेत उभे राहून म्हणाले, "इष बिन श्वूल, उंड दास इस्ट आउख गुट झो", मी गे आहे आणि ते बरंच आहे, आणि महापौर झाले. शाळेच्या आवारात मात्र पोरं अजूनही एकमेकांना शिवी म्हणून श्वूल म्हणतात, त्यामुळे उगाच कोणावर वापरून बघू नका.

मग मराठीत काय? आपल्याकडे एका टोकाला समलिंगी, समलैंगिक, आणि दुसऱ्या टोकाला बायल्यापासून पुढे शिव्याच शिव्या, मधली बैठकीची खोली रिकामी. पुण्यातल्या एका संस्थेने 'समपथिक' हा शब्द नावात घेतला, फार गोड शब्द आहे, पण पाउलच्या तोंडी घालता येणार नाही, तो हसत सुटेल. तेव्हा सरळ 'गे' लिहा. 'गे कॉमिक्स'. इंग्रजी आहे म्हणून नाक मुरडणारे मुरडोत, मराठी माणूस स्वतःबद्दल चहा पिता पिता हाच शब्द वापरतो आणि श्वूलचा निकष तोच आहे.

बाकी नावांवर मी बराच वेळ घालवलाय. 'कोंडोम डेस ग्राउएन्स', न्यूयॉर्कच्या हॉटेलात माणसाचं नको ते चावून नेणाऱ्या कंडोमची गोष्ट, त्याला 'भयाण निरोध'. ज्यांनी सरकारी निरोधच्या जाहिराती पाहिल्यात त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. 2017 चं 'हेर्ब्स्ट इन डेर होझं', पुरुषांच्या उतरत्या वयावरचं, 'पॅन्टमधली पानगळ'. आणि 'डेर बेवेग्टं मान' अवघड होतं, कारण 'बेवेग्ट' म्हणजे हललेला, मनातून ढवळलेला, आणि शिवाय 'बेवेगुंग' म्हणजे चळवळ, त्या काळात पुरुषांचे गट करून गोल बसून भावनांवर बोलायची फॅशन होती तिला टोमणा. बरीच वर्षं 'हललेला माणूस'वर अडलो होतो. परवा भाजी निवडताना सुचलं, चळ, चळणे, चळवळ, सगळं एकाच घरातलं. 'चळलेला बाप्या'. मावसभावाला विचारा, चहा संपल्यावर.